खोळीखालची भेग

तुम्ही शेवटचं कुणाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी कधी बसला होतात? आठवून बघा. समोर डॅशबोर्डवर तो मऊ पॅड असतो. आपण त्यावर किल्ल्या टाकतो, चष्मा ठेवतो, अचानक ब्रेक लागला की तळहात टेकतो. त्या जागी तुमच्या आधी कुणाचा तळहात टेकला होता, कुणाचं कपाळ टेकलं होतं, हे कधी विचारलंत? नाहीच विचारलं. मीही नव्हतं विचारलं, आणि मी तर उभा जन्म प्रश्न विचारून लोकांचं डोकं उठवलेली बाई आहे.

हा प्रश्न ज्याला सत्तावीस वर्षं चावत होता, त्या माणसाबद्दल लिहिते आहे. त्याचा फोटो कुठे छापून येणार नाही. गॅरेजच्या गल्लीत अगदी शेवटचं, जिथून पुढे नुसती भिंत आहे, ते त्याचं दुकान. गाड्यांच्या सीटा भरायच्या, कव्हरं शिवायची, फाटलेलं-तडकलेलं सांधायचं, हा धंदा. सगळे त्याला दाभण म्हणतात, कारण वीतभर लांबीचं वाकडं दाभण तो कायम कॉलरला खोचून असतो. माणूस उंच, किडकिडीत, बोलायला कंजूष. उजव्या अंगठ्यावर नखापासून सांध्यापर्यंत एक पांढरा व्रण. काम सुरू करण्याआधी तो अंगठा कापडावरून फिरवतो आणि सांगतो, खाली काय आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून रेक्झिनचे गुंडाळे उभे. रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास असा, की नवा माणूस पाच मिनिटांत डोकं धरतो. दाराशी उजेडात शिलाई मशीन आणि मशीनवर त्याची बायको. गल्ली तिला काकू म्हणते. तिची जीभ मशीनपेक्षा जोरात चालते. कुणी गिऱ्हाइकाने विचारावं, "काकू, शिवण पक्की आहे ना?" की काकू मान वर न करता म्हणणार, "तुझा संसार उसवेल एक वेळ, ही शिवण नाही."

माझा त्यांच्याशी संबंध भोंग्यामुळे. मी मोर्चे काढणारी, सभा घेणारी; सभांमध्ये धूळ जाऊन माझा भोंगा बसायचा. दाभणने त्याला अशी खोळ शिवली की आवाज बाहेर जातो आणि धूळ आत येत नाही. दर दोन वर्षांनी खोळ फाटते, मी जाते, काकू म्हणते, "आली! आता आजूबाजूच्या चार दुकानदारांना गुन्हेगार ठरवूनच जाणार." मी मुळात तापट. पण काकूचं ऐकून घेते. काकूपुढे मी कोण?

दाभणच्या दोन तऱ्हा गल्लीभर माहीत होत्या. एक, तो खोटं काम करत नाही. जुन्यावर नवं चढवायचं, खोळीवर खोळ घालायची, वरून चकाचक आणि आत कुजकं, असलं काम त्याच्याकडे मागायचं नाही. मागितलं तर तो उत्तरच देत नाही. पाठ फिरवतो आणि हातातलं काम करत राहतो.

दुसरी तऱ्हा जास्त विचित्र. तो कुठल्याही गाडीत ड्रायव्हरशेजारी बसत नाही. मागे बसतो. मागे जागा नसेल तर पायी जातो. टेम्पोत मागे मालाबरोबर उभा राहतो. गल्लीतले म्हणायचे, साहेब झाला आपला दाभण, ड्रायव्हर लागतो त्याला. याच गोष्टीवरून त्याला सगळ्यात जास्त कोण चिडवायची, तर व्हॅनवाली.

व्हॅनवाली शाळेची मुलं ने-आण करते. वय बेचाळीस, आवाज ट्रकवाल्याचा, हात स्टेअरिंगवर आणि डोळे सतरा ठिकाणी. तिच्या व्हॅनच्या सीटा मुलं दर चार महिन्यांनी कुरतडतात, आणि दाभण हातातलं काम बाजूला ठेवून आधी तिच्या सीटा घेतो. दुहेरी शिवण घालतो. कधी काकूला बरं नसलं की व्हॅनवाली दोघांना घरी सोडायची. काकू पुढे, दाभण मागे, मुलांच्या बुटक्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन.

"काका, मी तुमची ड्रायव्हर आहे का हो?"

"मागे बरं वाटतं."

"काकू, तुमच्या नवऱ्याला माझी भीती वाटते की तुमची?"

"माझी वाटली असती तर सुधारला नसता का?"

असं चालायचं. दाभण खिडकीतून बाहेर बघत बसायचा.

आणि एक तिसरी गोष्ट होती, ती फक्त काकूला माहीत होती. नवी भरलेली सीट रात्री सपाट ठेवून जावं आणि सकाळी दुकान उघडावं तर तिच्यात मधोमध खळगा. कुणीतरी बराच वेळ बसून उठल्यासारखा. प्रत्येक सीटला नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटलाच. दाभण बघत उभा राहायचा.

"मांजर बसलं असेल," काकू म्हणायची.

"मांजर एवढं रुंद असतं?"

"मग माझ्यासारखं असेल एखादं. हात चालवा."

आता व्हॅनवालीच्या थोरल्या बहिणीचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

थोरली गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्यात टेलिफोनवर होती. चोवीस वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, घरात एकटी कमावती. सत्तावीस वर्षांपूर्वी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, कारखान्यापासून दोन कोसांवर एका वळणाशी ती रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली. कपाळ फुटलेलं. पोलिसांनी लिहिलं: पायी रस्ता ओलांडत असताना, चष्मा न घातल्याने, अज्ञात वाहनाची धडक बसून मृत्यू. चष्मा सापडला नाही. कारखानदाराने सांगितलं, बाई अर्धी रजा टाकून एक वाजताच निघून गेली, पुढचं आम्हाला ठाऊक नाही.

झालं. कागद बंद झाला आणि तोंडं उघडली. ते वळण तिच्या घराच्या वाटेवर नाही. तिथे घर नाही, दुकान नाही, बस थांबत नाही. मग ही तिथे एकटी काय करत होती? कुणाला भेटायला गेली होती? मेलेल्या मुलीला लोकांनी वर्षानुवर्षं त्या रस्त्यावर उभं करून ठेवलं. व्हॅनवाली तेव्हा पंधरा वर्षांची. तिची आई लोकांच्या या प्रश्नानेच खंगत गेली. व्हॅनवालीचं एकच उत्तर, शाळेच्या फाटकापासून पोलीस चौकीपर्यंत सगळीकडे तेच: "आमची थोरली चष्म्याशिवाय ताटातलं काय आहे ते ओळखायची नाही. ती चष्मा काढून दोन कोस चालेल?"

कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मी तेव्हा नव्याने रस्त्यावर उतरले होते. शिक्षण सातवी, पण पत्रकं मीच लिहायचे. 'पायी चालणाऱ्या बाईचा बळी' असं मोठ्या अक्षरात लिहून त्या वळणावर अकरा दिवस मांडव घालून बसले. गतिरोधक झालाच पाहिजे! आणि झाला. माझं पहिलं यश. इतकी वर्षं मी त्यावरून जाताना शेजारच्याला कोपराने ढोसून सांगत आले, हा माझा.

गेल्या उन्हाळ्यात एक गाडी गल्लीत शिरली. क्रीम रंगाची, लांब नाकाची, गोल दिव्यांची, असली आता फोटोतच दिसते. सगळ्या गॅरेजवाल्यांनी पान्हे खाली ठेवले. गाडी दाभणच्या दारात थांबली. चालवत होता त्याच कारखानदाराचा मुलगा. बोलायला मऊ, स्वच्छ हातांचा.

"काका, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. बाकी सगळं करून झालंय, फक्त हा समोरचा पॅड राहिलाय. तडकलाय."

दाभण दारातून आत वाकला. ड्रायव्हरशेजारच्या बाजूला पॅडवर वाटीएवढा खोलगट भाग आणि त्यातून फुटलेल्या तीन भेगा. दोन वर, काचेकडे. एक खाली, सीटकडे. बाकी पॅडवर ओरखडासुद्धा नाही. मी त्या दिवशी खोळ शिवायला टाकायला आले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. दाभणने अंगठा पुढे नेला आणि मागे घेतला.

"नवा करून देतो," तो म्हणाला. "हा आहे तसा काढून टाकतो. उघडत नाही."

"नाही काका, परीक्षक खोळ उचलून बघतात म्हणे. खालच्या पत्र्यापर्यंत उघडा. पत्रा मूळचा आहे, तोच हवा. नवी असताना गाडी जशी होती तशी झाली पाहिजे."

"मला जमणार नाही."

मशीन थांबलं. काकू म्हणाली, "जमणार नाही? हे तोंड माझ्या नवऱ्याचंच ना?"

मुलगा हसला. "काकू, उलट यांच्याशिवाय कुणाला देणार? मी लहान असताना हा पॅड यांनीच केला होता. वडील सांगायचे."

"काय सांगायचे?" दाभणने विचारलं.

"हेच, की मुकाट्याने काम करणारा माणूस आहे. मागच्या वर्षी गेले ते."

दाभणने मान हलवली. त्याला बहुतेक होकार समजून मुलगा किल्ली ठेवून निघून गेला. दहा दिवसांची मुदत.

सहा दिवस त्याने गाडीला हात लावला नाही. गाडी दुकानात, अर्धी आत, अर्धी उन्हात. दुपारी पत्रा तापला की पॅडमधून आवाज यायचा. कर्र. थांबायचं. पुन्हा कर्र. तापलेलं रेक्झिन ताणलं जाऊन असा आवाज करतं, त्यात नवल नाही, हे दाभणनेच मला पूर्वी सांगितलेलं. पण आता तो आवाज आला की तो हातातली कात्री खाली ठेवायचा. काकू पहिल्यांदाच चिडवत नव्हती. मी खोळ न्यायला गेले तेव्हा तिने मला डोळ्यांनी गाडी दाखवली. शेजारच्या सीटमध्ये खळगा होता.

"मी काल स्वतः थापटून सपाट केली," काकू हळू आवाजात म्हणाली. काकूला हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, "दाभणभाऊ, काय भानगड आहे?"

तो रेक्झिनच्या गुंडाळ्यावर बसला आणि बोलला. एवढं सलग बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. जसं बोलला तसंच लिहिते.

"सत्तावीस वर्षं झाली. दुपारचे चार वाजले असतील. कारखान्याचा मॅनेजर हीच गाडी घेऊन आला. पॅड फुटलेला, हाच, इथेच. म्हणाला, हत्यारांची पेटी आदळली. समोरची काच शाबूत होती. म्हणाला, संध्याकाळच्या आत पाहिजे, मी इथेच बसतो. पत्र्यापर्यंत उघडायचं तर एक दिवस जातो. मी भेगेत अंगठा घातला, तर आत काहीतरी चावलं. अंगठा फाटला. काचेचा तुकडा. मी म्हटलं, साहेब, काच आहे. तो म्हणाला, बाटली फुटली असेल, चिंध्या भर आणि वरून चढव. मी चढवलं. खोळीवर खोळ. जन्मात एकदाच."

"मग?"

"बाटलीची काच मला माहीत नाही का? ती काच फुगीर होती. मधे जाड. चार दिवसांनी ऐकलं, कारखान्यातली पोरगी त्याच दुपारी गेली आणि चष्मा सापडत नाही. आणि पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या अकरा बसगाड्यांच्या सीटांचं काम माझ्याकडे आलं. न मागता."

काकू उभी राहिली. "त्या अकरा बसगाड्या मी शिवल्या," ती म्हणाली. "पोटुशी होते. मला म्हणालात, हाताला यश आलं."

 माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, गल्लीने ऐकलं आहे. शेवटी म्हटलं, तिची धाकटी, व्हॅनवाली, तुझ्यासमोर लहानाची मोठी झाली, तिच्या सीटा दुहेरी शिवणीने शिवलीस, आणि तोंडाला कसली शिवण घातली होतीस?

दाभणने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "बाई, नवव्या दिवशी मी तुमच्या मांडवात आलो होतो. सांगायलाच. तुम्ही भाषण संपवून खाली उतरलात. मी म्हटलं, त्या पोरीबद्दल थोडं बोलायचंय. तुम्ही म्हणालात, बोलणारे खूप आहेत, काम करणारे पाहिजेत. आणि फलकाचं कापड हातात दिलंत. कडा शिवून आण म्हणालात."

मला आठवलं नाही. आजही आठवत नाही. पण तो फलक माझ्या घरी आहे. घरी जाऊन काढला. 'पायी चालणाऱ्या बाईचा बळी.' कडा दुहेरी शिवणीच्या.

पण ते नंतर. त्या दुपारी मी म्हटलं, मी आत्ता जाऊन व्हॅनवालीला सांगते. दाभणने हात आडवा धरला. "मी सांगेन. फक्त एक आहे. काच आत आहे की नाही, मला माहीत नाही. त्या रात्री मॅनेजरने पुन्हा उघडून काढली असली तर? मग मी तिला काय दिलं? पुन्हा एक नुसती गोष्टच ना?"

हेच खरं अडलं होतं. मुदतीचे चार दिवस उरले होते. नवा पॅड करून, जुना भट्टीत टाकून मोकळं होता आलं असतं. किंवा उघडायचं. आणि उघडल्यावर आत काही नसेल, तर एका बाईच्या हातात रिकामी खोळ द्यायची.

शाळा सुटल्यावर, मुलं घरोघरी सोडून व्हॅनवाली गल्लीत आली. काकूनेच बोलावलं होतं. दाभण उठला, व्हॅनकडे गेला आणि पुढचं दार उघडलं. ड्रायव्हरशेजारचं. एक पाय आत, एक बाहेर, असा थोडा वेळ उभा राहिला. मग बसला. मी मुलांच्या सीटवर मागे.

"अरे वा! आज सूर्य कुठून उगवला?" व्हॅनवाली म्हणाली. "काका, बढती झाली तुमची!"

"वळणाशी घे."

"कुठल्या वळणाशी?"

 तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. तिने गाडी काढली. सगळी वाट दाभणचे दोन्ही तळहात समोरच्या पॅडवर टेकलेले. गाडी सरळ रस्त्यावर सावकाश चालली होती, तरीही.

माझा गतिरोधक आला. तिने वेग कमी केला, चाकं वर चढून खाली उतरली, आणि दाभण म्हणाला, "तुझी थोरली इथे चालत नव्हती. आता मी बसलोय तशी, कारखानदाराच्या गाडीत पुढे बसली होती."

व्हॅनवालीने गाडी कडेला घेतली. ब्रेक ओढला. तो सांगत गेला, ती समोर बघत ऐकत गेली. पेटी, मॅनेजर, अंगठा, चिंध्या, बसगाड्या. तिने मधे एकदाच विचारलं, "काच जाड होती?"

"मधे जाड."

"उजव्या बाजूची की डाव्या?"

"ते मला कसं कळणार, बाळ?"

"तिच्या डाव्या डोळ्याचा नंबर जास्त होता," ती म्हणाली. सत्तावीस वर्षांनी. मग गाडी वळवली. परत येताना एकच वाक्य बोलली, तेही माझ्याकडे न वळता. "मावशी, तुमच्या या उंचवट्यावरून मी रोज चार वेळा जाते."

दाभणने गाडीत उताणं झोपून डॅशबोर्डखालचे नट काढले. पाय बाहेर, डोकं आत. सात नट. शेवटचा गंजून बसला होता, त्याला अर्धा तास लागला.  पॅड निघाला तेव्हा त्याने तो मशीनच्या पाटावर, उजेडात ठेवला. काकूने आपलं काम बाजूला सारून जागा केली.

वरची खोळ सोलली. खालून चिंध्या निघाल्या. काकूच्या जुन्या साडीच्या काठाची एक पट्टी निघाली. काकूने ती ओळखली आणि तोंडाला पदर लावला. चिंध्यांखाली जुनी खोळ, काळी पडलेली, तीच वाटी, त्याच तीन भेगा. वरची नवी खोळ याच रेषांवर तडकली होती. त्यात करणी-भुताटकी काही नाही, दाभण म्हणाला, खाली पोकळ असलं की वरचं तिथेच फुटतं. पण हे सांगताना त्याने व्रणाचा अंगठा मुठीत धरला होता.

भेगेत त्याने दाभण घातलं, फोम अलगद वर उचलला. अंगठा आत नेला. आम्ही तिघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"आहे," तो म्हणाला.

नखाएवढा तुकडा. एका कडेला पातळ, दुसऱ्या कडेला जाड, फुगीर. फोम त्याभोवती तपकिरी होऊन कडक झालेला. त्याच्या खाली चष्म्याच्या काडीचं वाकडं टोक, काळं. व्हॅनवालीने तुकडा उचलून उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि त्यातून दुकानाच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ बघत राहिली. मग पॅडवरच्या त्या खळग्यात तळहात ठेवला. तळहात बरोबर बसला.

"बसली होती ती," ती म्हणाली. "गाडीत बसली होती. पाय दुखेपर्यंत उभं केलंत तिला."

कुणाला म्हणाली, दाभणला की मला की गावाला, कोण जाणे. दाभणला तिने माफ केलेलं नाही. त्यानेही मागितलेली नाही. ती सीटा मात्र अजून त्याच्याकडेच टाकते, आणि पुढचं दार उघडून उभी राहते, आणि त्याला पुढेच बसवते. काकू आता मागे बसते. चिडवाचिडवी बंद आहे.

शनिवारी कारखानदाराचा मुलगा आला. पॅड तसाच उघडा, पाटावर. दाभणने दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं होतं हा ओरडेल, आणि मी तयारीत होते. तो ओरडला नाही. त्या खळग्याकडे बघत म्हणाला, "मला या गाडीत कधी पुढे बसू दिलं नाही. सहा वर्षांचा होतो. रडायचो. कारण कधी सांगितलं नाही."

मग म्हणाला, "हा पॅड माझा नाही. ठेवा. पण वडिलांविरुद्ध माझी सही मागू नका."

गाडी तशीच घेऊन गेला, समोर उघडा पत्रा. प्रदर्शनात काही दिसली नाही.

मी अर्ज लिहिला. चौकीवर तुकडा दाखवला, पॅड दाखवला, दाभणचा जबाब दिला. साहेबांनी चष्मा खाली सरकवून विचारलं, काच त्या मुलीचीच कशावरून? ती गाडीत होती हे पाहिलेलं कुणी आहे? मी नेहमीसारखी भडकले. बाहेर आल्यावर मात्र कळलं, की प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती त्या गाडीत का बसली होती, कुठे चालली होती, स्वतःहून की बसवली होती म्हणून, हेही अजून कळलेलं नाही. हे कळेपर्यंत दाभणच्या दुकानात सीटांना खळगा पडत राहणार. पडतो आहे. काकू आता मांजराचं नाव घेत नाही. नुसता हात फिरवते आणि म्हणते, "बस गं, बस."

पॅड दुकानाच्या भिंतीवर टांगला आहे, न सांधता. दुकानात आलेलं असं हे एकच काम आहे जे तो पुरं करणार नाही.

तिला गाडीत पाहिलेलं माणूस हवं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. त्या दिवशी कारखान्याची सकाळची पाळी दुपारी तीन वाजता सुटली. अकरा बसगाड्या त्या वळणावरून गेल्या. प्रत्येक बसमध्ये चाळीस माणसं, त्यातली निम्मी खिडकीशी. त्यांतल्या कुणाला तरी क्रीम रंगाची लांब नाकाची गाडी दिसली असेल, आणि तिच्यात पुढे बसलेली, जाड चष्म्याची मुलगी. तुम्ही म्हातारे झाला असाल, पेन्शन खात असाल, नातवंडांना खेळवत असाल. तुम्ही मान वळवली असेल आणि घरी जाऊन जेवला असाल. मी तुम्हाला शिव्या देणार नाही. मीही भाषण करून घरी जाऊन जेवले होते.

पण आता या. गॅरेजच्या गल्लीत, भिंतीपाशी, शेवटचं दुकान. शाळा सुटल्यावर व्हॅन दारात उभी असते. पुढचं दार उघडा, व्हॅनवालीच्या शेजारी बसा, तळहात समोरच्या पॅडवर ठेवा, आणि तुम्ही काय पाहिलंत ते तिला सांगा.